इतिवृत्तात न आलेलं

व्यायामशाळेत भरली सुनावणी.
बास्केटबॉलच्या जाळीखाली कंपनीचं टेबल,
त्यावर पाण्याच्या बाटल्या.
(आमच्या विहिरी सहा वर्षं कोरड्या आहेत,
हे त्यांनी नकाशात फिक्या निळ्या रंगानं मान्य केलं होतं.)
नोंदी मी घेत होते, कारण वोल्शिनात
जर्मन आणि सोर्बी, दोन्ही शुद्ध लिहिणारी मीच उरलेय.
मी आणि पोस्टातली मार्याना,
पण तिचा जावई खाणीत आहे.

साहेब फार सौजन्यानं बोलत होता.
"आपण सगळे मिळून," तो म्हणाला,
"आपलं नवं गाव, आपल्या सोयीनं."
त्याच्या 'आपण'मध्ये आम्ही नेमके कुठे बसतो
हे शोधत मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.

नव्या गावाचं चित्र पडद्यावर आलं.
एका उंचीची झाडं, उतरती छपरं,
तळ्याकाठी बसलेली एक बाई.
तिला आमच्यापैकी कुणीच ओळखलं नाही.

मग कितो पेत्रिक उठला.

एकतीस वर्षं त्यानं ते यंत्र चालवलं.
तेच, ज्याच्या चाकाच्या एकेका बादलीत
आमची बेकरी मावेल.
बायकोचं माहेर त्यानंच खणलं होतं,
ऑक्टोबरात, रात्रपाळीला,
नाशपातीची झाडं फळांसकट.
सकाळी घरी आला तेव्हा वोर्शानं
पुढ्यात कॉफी ठेवली
आणि एवढंच विचारलं :
पिकली होती का?

हे सगळ्या गावाला ठाऊक.
म्हणून तो उठला तेव्हा
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्याच्या हातात कंपनीचीच यादी होती.
'स्थलांतरयोग्य थडगी.
अनुक्रमांक एकशे चौदा : पेत्रिक, वोर्शा. नग एक.'
"एक नाही," कितो म्हणाला.
"शेजारची जागा माझी आहे. पैसे भरलेत.
दगडावर नावही कोरलंय,
फक्त दुसरी तारीख राहिलीय."
साहेब म्हणाला, तशी दुरुस्ती करून घेऊ.

तेव्हा कितो जर्मन सोडून आमच्या भाषेत आला.
'मेय' म्हणाला. मेय इथून हलणार नाही.
दुभाष्यानं सांगितलं : आम्ही इथून हलणार नाही.
तसंच टाईप झालं.
ते चूक आहे.
मेय म्हणजे आम्ही नव्हे.
मेय म्हणजे दोघंच, मोजून दोघं.
आमच्याकडे दोघांचं रूप वेगळं,
क्रियापदसुद्धा दोघांच्या मानेवर बसतं
जोडीच्या जुवासारखं.
'आम्ही' म्हटलं की मतदान घेता येतं,
दरडोई आकडा काढता येतो.
मेयसाठी त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.
समास इतिवृत्तात धरत नाहीत.

नकारपत्रावर त्रेसष्ट सह्या झाल्या.
मार्यानाचीही आहे,
भिंगातून पाहावी लागेल इतकी बारीक.

त्या रात्री आम्ही बेकरीच्या मागच्या खोलीत जमलो.
वारा खाणीकडून होता,
आणि ती घरघर, जी आता आम्हाला
थांबली तरच ऐकू येते.
उद्या पहाटे जंगलाच्या वाटेनं आत शिरायचं होतं.
कितोनं पिठाच्या फळीवर बोटानं यंत्र काढलं.
"इथे उभं राहू नका, माती सरकते.
इथेही नको, आवाजात शिट्टी ऐकू जात नाही.
या पट्ट्यापाशी. इथला दिवा
वर, केबिनकडे उलटून पडतो.
इथं माणूस उभा असला
तर चालकाला त्याचं तोंड दिसतं."

"आणि दिसलं की तो थांबतो?"
मार्यानाच्या धाकट्या पोरानं विचारलं.

कितोनं तळव्यानं पीठ सारखं केलं.
"मला माहीत नाही," तो म्हणाला.
"माझ्या वेळी तिथं
कुणी उभंच नव्हतं."