वेणी घालताना

सुभाषनगरात दुपारी लाईट जाते
आणि पंखा थांबला की फक्त आऱ्यांचा आवाज उरतो.
आम्ही सहाजणी, भिंतीला पाठ,
पायाच्या अंगठ्यात वादीचं टोक अडकवून
चपलेची वेणी घालतो.
एक पदर चुकला की मागचं सगळं उसवायचं.

मी आठ महिने उसवतेय.

मांडी घातली की तिथं सुरू होतं.
मुंगी नव्हे, घामोळं नव्हे,
बाभळीची वाळकी साल कुटून कुणी भरल्यागत.
डोकं खाजवता येतं चारचौघींत,
पाठ शेजारणीपुढं करता येते.
हे कुठं न्यायचं?

पाळी गेली तेव्हा अंबाबाईची ओटी भरून आले होते,
सुटले म्हणून.

पहिल्यांदा वाटलं, घाण असेल.
लाल साबणानं घासलं. मग जंतुनाशकाचं झाकण बादलीत ओतलं,
दोन दिवस चालताना डोळ्यांत पाणी.
लिंबाचा पाला, पावडर, मिठाचं पाणी.
महाद्वार रोडला मेडिकलात पोरगा होता, मिसरूड न फुटलेला.
म्हटलं, मालकांना गजकर्ण झालंय, मलम दे.
बिचारे दत्तोबा, आयुष्यात एक पुटकुळी नाही अंगावर.
त्या मलमानं तर आगच लागली.

रात्री दोनला न्हाणीतल्या गार फरशीवर बसायचे,
नळ बारीक सोडून, म्हणजे बाहेर वाटावं
काहीतरी धुतेय.
ते विचारायचे नाहीत. मी सांगायचे नाही.
अंथरुणात मधे उशी आली, ती राहिलीच.

आक्काताई डोईफोडे आमच्यात थोरली, सत्तरी ओलांडलेली.
एक दिवस माझी उसवलेली वादी हातात घेतली,
वाकवली. कडेला बारीक तडे.
"वाळलेल्याला घासलं की काय हुतंय?"
"तडकतंय."
"मग काय करतीस?"
"तेल पाजते."
तिनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.
माझे कान तापले.
म्हटलं, "आक्का, चामडं मेलेलं असतंय."
"म्हणून त्याला बोलता येत न्हाई.
तुला येतंय न्हवं?"

आऱ्या थांबल्या होत्या.
कोपऱ्यातली सुगंधा म्हणाली, "मला वाटलं मला एकटीलाच."
मग कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी
पदराचं टोक तोंडात धरलं.

सीपीआरला पावणेदोन तास रांगेत.
डॉक्टर इंगवले, नवी पोरगी, नखांना मेंदी.
तिनं तो शब्द उच्चारला, योनी,
मंडईत वांगी म्हणावं तितक्या सहज.
छत कोसळलं नाही.
तपासलं. साखर बघितली, बुरशी बघितली.
"काकू, घाण नाही हो. कातडी पातळ झालीय, कोरडी.
या वयात होतं. किती घासलंत!"
साबण बंद. नुसतं पाणी. सैल, सुती कपडे.
आणि एक ट्यूब, वाटाण्याएवढं,
दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा.

पहिल्या रात्री बोटाला लावून किती वेळ उभी होते.
तीन पोरं झाली, पण
मी तिथं कधी हात लावला नव्हता
नीट, हळू,
कपाळाला बाम लावतात तसा.

एकदम थांबलं नाही. अजून चैतातल्या दुपारी
आठवण करून देतं.
पण परवा मान वर केली तेव्हा
वीतभर वेणी झाली होती, न उसवता,
आणि लाईट कधी आली कळलं नव्हतं.

घरी ट्यूब फडताळात होती, बांगड्यांच्या डब्यामागं.
सून म्हणाली, "आत्या, हे कसलं मलम?"
हात पुढं गेला होता हिसकावून घ्यायला.
मागं घेतला.
"वाच," म्हटलं. "मोठ्यानं वाच.
आणि तुझ्या आईला फोन लाव."