सबखा

दिलमुरादने गाडी थांबवली, दिवे मालवले.
"इथून पुढे जमीन बसते," म्हणाला.
रुवैसच्या भट्टीची ज्वाळा पाठीमागे बुडाली
तेव्हा कुठे आकाश खाली आलं.

बॅटरीच्या झोतात मीठ.
पंचकोनी, षटकोनी, काही नुसतेच वेडेवाकडे बांध,
भाताच्या खाचरांना असतात तसे,
पण उलटे: इथे पीक बांधावर
आणि खाचर मोकळं.

दीर्घिकाही अशाच असतात, बाबा,
मंदाकिनी फोनवर सांगत होती परवा,
अकरावीच्या सगळ्या जोरानिशी.
पोकळ्यांच्या कडेकडेने दाटी,
मध्ये काही नाही.
कोट्यवधी प्रकाशवर्षं काही नाही.
असं का गं?
तर म्हणे, जिथे आधीच चिमूटभर जास्त होतं
तिकडेच ओढलं गेलं सगळं.

सात नंबरच्या खोलीत आम्ही अकरा,
त्यातले नऊ संगमेश्वरचे.
पंच्याऐंशी साली एकटे आबा शिर्के आले होते.

वाकून एक कड मोडली, जिभेवर ठेवली.
खारट, मागून कडू.
वर व्याध ओळखला.
कृत्तिका मोजल्या, सहाच भरल्या.
बाकीच्यांचा हिशेब सोडून दिला,
सर्व्हेवाल्याने असं करू नये, तरी.

मग मोजपट्टी खिशात घालून
एका मोकळ्या चौकोनात पाय टाकला.
घोट्यापर्यंत आत गेला. गार.

"सांगितलं होतं," दिलमुराद म्हणाला,
आणि अंधारातून हात पुढे केला.