शेक

वकिलांच्या नोटिशीत सतराव्या ओळीवर
अडकलो आहे सकाळपासून.
'फोमेंट' असं क्रियापद आहे.
सुरजीबाई वळवी, राहणार नंदुरबार, वय अंदाजे पन्नास,
हिने मिरचीच्या पथारीवरच्या एकोणीस बायकांना
फोमेंट केलं.

माझं काम मराठी करण्याचं,
पानामागे चाळीस रुपये,
म्हणजे तिला वाचून दाखवता येईल
तिने काय केलं ते.

चिथावणे. सोपं आहे, लिहून टाकावं.
पण चिथावणी म्हटलं की बोट नाचवणारा कुणी दिसतो,
भडकवणे म्हटलं की रॉकेलचा वास येतो,
आणि ढवळणे
हल्ली मनाचं कोण करतं, वरणाचं करतात.

म्हणून कोश काढला, पुठ्ठा सुटलेला.
पहिला अर्थ चिथावणे. दुसरा, खतपाणी घालणे.
तिसरा बारीक अक्षरात, 'जुना' असा शिक्का बसलेला:
सुजल्या अंगाला ऊन फडक्याने शेकणे.
मूळ लॅटिन. ऊब देणे.

चष्मा काढून ठेवला.
थोरली बहीण तव्यावर ओव्याची पुरचुंडी धरायची,
आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची,
मग माझ्या छातीवर.
कुठल्या थंड देशात, कुठल्या वर्षी
ती पुरचुंडी छातीवरून उचलून
कुणी जमावावर ठेवली असेल?
कुणाला पहिल्यांदा भीती वाटली असेल
की ऊब लागली की माणसं उठतात?

दुपारी ती आली, अंगठा द्यायला.
विचारायचं नसतं, तरी विचारलं.
म्हणाली, पौषातली पहाट होती साहेब,
बोटं वळत नव्हती कुणाची,
आणि देठ खुडायला बोटंच लागतात.
मी चार पऱ्हाट्या आणल्या, शेकोटी केली,
पथारीपासून लांब, वारा बघून.
बाया बसल्या.
हात मोकळे झाले तशी एकीने हिशोब काढला,
किलोमागे किती, आणि काट्यात किती जातं.
मग दुसरी बोलली.
मी फक्त काड्या सारत होते आत.

काड्या सारत होते.
हे कुठल्याच कोशात नव्हतं.

मी लिहिलं, 'एकोणीस बायकांना शेक दिला.'
ज्युनिअर वकील हसला,
काका, दवाखाना आहे का हा?
लाल पेनाने खोडून वर लिहिलं, चिथावले.
मी टाइप करून दिलं.
मी काही भांडलो नाही, तेही इथे लिहून ठेवतो.

वाचून दाखवलं तेव्हा
ती त्या शब्दापाशी मान वर करून थांबली,
पुन्हा वाचा म्हणाली नाही.
अंगठा टेकवला, शाई पदराला पुसली, गेली.
कागद सरळ करून फाईलला लावला
आणि नकळत त्याच हाताने
डोळा चोळला.

चहाचे ग्लास उचलायला आलेला जिभाऊ
दारातच थबकला,
काय व्हयनं भाऊसाहेब? रडी राहिनात का?

नाही रे, मिरची आहे,
म्हटलं,
आणि डोळा उघडा ठेवून बसलो
राहील तेवढा वेळ.