वेळ

मंगळवारी आणि शुक्रवारी
पाठीवरच्या भादरलेल्या, रुपयाएवढ्या जागेवर
पिपेटने दोन थेंब.
अ‍ॅसिटोनचा वास नखांत राहतो;
घरी, दांडिया बाजारात, कणीक मळायला घेतली
की आई परात ओढून घेते.

पहिलं औषध एकदाच लावलं होतं,
उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात.
कातडीने ते एकदाच ऐकलं.
नंतरचे हे थेंब म्हणजे नुसतं विचारत राहणं:
आठवतंय ना?

दहाव्या आठवड्यात मोहरी.
पंधराव्यात तुरीची डाळ.
वहीत मी मिलिमीटर लिहिते,
मनात वाण्याचं दुकान.

सत्तावीस नंबर, उजव्या कानाला दोन खाचा.
जखमेच्या कडा कडक झाल्यात,
तरी भुसा उकरतो, मिशा साफ करतो.
जीवणकाकांनी त्याला तळव्यावर घेतलं,
करंगळीने काख चाचपली, म्हणाले,
‘बेन, आने वेळ घाली छे.’

त्यांच्याकडे वेळ म्हणजे काखेतली सूज.
आमच्याकडे अवधाण.
पायात काटा मोडतो आणि जांघ ठणकते,
कळ कुठून कुठे जाते
हे प्रत्येक पोराला शाळेआधीच ठाऊक असतं.
मला त्यासाठी चार वर्षांची फेलोशिप मिळाली आहे.

बुधवारी पेटीत गॅस सोडला.
त्याआधी पाठीत टोचलेली निळाई
धाग्याएवढ्या वाटेने काखेपर्यंत उतरली होती.
विश्वामित्री चढते तेव्हा मगर रस्त्याने येत नाही,
गटारागटारातून येते,
आणि सकाळी कारेलीबागेत
कुणाच्या तरी स्कूटरखाली डोळे मिटून पडलेली असते.

गाठ कापली. हरभऱ्याएवढी.
काचेवर घेतली, रंगवली, भिंग फिरवलं.
लसीच्या पेशी बाजूला रेटून
कातडी बसली होती तिथे,
गोल गोल, थरावर थर,
शिंपल्याबाहेरचे मोती.
आत, जिथे ऊन नाही, वारा नाही,
कुणाचा स्पर्श नाही,
तिथे ती अजून
बाहेरचं आवरण विणत होती.
तिला दुसरं काही येतच नाही.

मी बराच वेळ बघत बसले.
हा आमच्याकडचा वेळ.

वहीत रकाना: आठवडा.
एकतीस, लिहिलं.
पिंजरा पुसून जीवणकाकांनी पालथा घातला.
शेजारच्या पिंजऱ्यात अठ्ठावीस नंबर
भुशात खोल बीळ करतोय.

आज शुक्रवार.