डी-पाचवरचा घोडा

सतराव्या चालीला याकूब होडेकरने
घोडा उचलून डी-पाचवर ठेवला,
माझ्या प्याद्याच्या थेट तोंडात.
ठेवला, आणि बोटांचं ग्रीस लुंगीला पुसत
बाहेर बिडी ओढायला गेला.

मी तीनदा मोजलं.
बावीस वर्षं सोसायटीच्या डिझेलचे हिशेब लिहिते मी,
नावे-जमा मला झोपेतही कळतं.
घोडा जमा. नावे, एक प्यादं.
शह नाही, मागून धावत येणारा हत्ती नाही,
माझा राजा कोपऱ्यात, आतून कडी लावून.
घेतला.

एकेचाळिसाव्या चालीला मी डाव सोडला.

बंदीचे दिवस. हर्णैच्या होड्या वर ओढलेल्या,
झापांखाली गप्प. लिलावाची जागा धुऊन निघालेली,
कुत्र्यांनासुद्धा तिथे काही काम नाही.
रात्री भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर
तो डाव मी पहिल्यापासून मांडला
आणि इंजिनाला विचारलं.

लगेच म्हणालं: चूक.
पांढरा उणे एक पूर्णांक आठ.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
चहा ठेवला.
तोवर ते खोल जात राहिलं, वीस, चोवीस,
अंधारात कुणीतरी वाव-वाव दोर सोडत असावं तसं.
तिसाला उणे एक.
लाइट गेले. बॅटरीवर ते घरघरत राहिलं.
चौतिसाला उणे जवळजवळ काहीच नाही.
तळ लागला की नाही कोण जाणे,
पण माझा उंट पटावर राहिला की प्रत्येक वाटेला
आकडा पांढऱ्याकडे कलत होता.

का, ते सांगेना.
इंजिन सांगत नसतं, याकूब म्हणतो, कान लावायचा असतो.
मग मी कान लावला. चाली पुढे नेल्या, मागे आणल्या,
चहा साय धरून निवला,
आणि तेव्हा दिसला बी-सातवरचा माझा उंट.
त्याच्या वाटेत डी-पाचवर पांढरं प्यादं,
मेलेल्या घोड्याच्या जागी येऊन उभं राहिलेलं.
कुणाला मारत नाही, कुठे जात नाही.
उभं आहे, बस्स.

कर्द्याच्या वाळूवर मे महिन्यात
पर्यटकांची पोरं फिरवणारा रहाटेकरांचा उंट
सध्या वखारीच्या पडवीत बांधलेला असतो,
गळ्यातली घुंगरं काढायचीसुद्धा राहून गेलेली.
त्याला रोज वैरण लागते.
मोजायला गेलं तर तो आहे.

पहाटे इंजिनाने उपाय दाखवला:
चोविसावी चाल, उंट देऊन टाक.
घाल त्या प्याद्यावर, मरू दे.
घोडा आला होता, उंट गेला, फिटंफाट.
शून्य पूर्णांक शून्य.

ती चाल मला दिसली नव्हती असं नाही.
पण पदरात पडलेलं परत कोण देतं?
पुढच्या सतरा चाली मी तो उंट
वैरण घालत सांभाळला.

सकाळी याकूब ‘नूर-ए-दर्या’चा पिस्टन रॉकेलात धूत होता.
छत्री न मिटताच मी सांगून टाकलं,
तुझा घोडा काही जिंकत नव्हता,
मी उंट परत दिला असता तर बरोबरी होती.
त्याने पिस्टनची रिंग उजेडाला धरली,
एक डोळा मिटून गोल तपासला.
“म्हाईत होतं,” म्हणाला.
“तू देणार नाहीस, तेपण.”

ऑफिसात येऊन जूनची वही उघडली.
बारा रुपये जुळत नव्हते.
एरवी मी जेवायलाही उठले नसते.