चोच उघडी

गाठोड्यावर नुसता आकडा असतो: चौदा हजार दोनशे सहा.
हॉलंडहून बोटीने येतो, लोमेच्या धक्क्यावर उतरतो
आणि एस्सिवीमावशीच्या फळीवर
परक्या पाहुण्यासारखा गप्प बसतो.

निळ्यावर पिवळी पाखरं. चोच उघडी.
तिकडे कुणीतरी ती
गाणारी म्हणून काढली असावीत.

मावशी थान उलगडत नाही लगेच.
वीतभर टोक बाहेर सोडते
आणि स्टुलावर बसून शेंगा सोलते.
मला म्हणते, तोंडाकडे बघू नकोस,
तोंड घासाघीस करतं. हात बघ.

पहिल्या दिवशी एका मास्तरणीचा अंगठा
दोनदा फिरला, गेला.
दुसऱ्या दिवशी कुणी नाही.
तिसऱ्या दिवशी मासळीवाली आब्लावी थबकली:
"अगं, ही तर माझी जाऊ!
तोंड मिटत नाही मेलीचं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला नाव पाठ.
शनिवारी मी सहा-सहा वार कापून
बोटांना घट्टे पाडून घेतले.
बारशाला नेसायचं, जावेसमोर बसायचं,
अवाक्षर काढायचं नाही.
पाच दिवसांनी खुद्द जाऊ आली पालिमेहून.
"तिने किती घेतलं? मला दोन वार जास्त."

मग कंपनीचा वाउटर आला, घामाने भिजलेला.
वय किती, कमाई किती, महिन्यातून किती वेळा?
शेवटी विचारलं, हेच का?
मावशी म्हणाली, "लिही. चोच उघडी."
त्याने लिहिलं: पक्षी आवडतात.

पुढच्या बोटीने पाच थानं पक्ष्यांची.
राजहंस, बगळे, पोपट,
सगळ्यांच्या चोची शिस्तीत मिटलेल्या.
सोबत पुरुषभर उंचीची जाहिरात, हसणारी पोरगी.
पावसाळा गेला. धूळ आम्ही झटकली.

आता वाउटर येतो तेव्हा वही पिशवीतच राहते.
बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीला लावून
शेंगा सोलतो, वाईट सोलतो,
दाण्यासकट टरफल टाकतो.

आज एका पोरीने राजहंसाच्या मानेवर
बोट ठेवलं. वाकडी मान. उचललं नाही बोट.
वाउटरने श्वास धरला.
ती मैत्रिणीच्या कानात एवेमध्ये काहीतरी बोलली,
दोघी फुटल्या हसून.

त्याला कळलं नाही.
मावशीने टरफलं झटकली
आणि भाव दोनशेने वाढवला.