गुडघ्यांवरून

खारघर, सातवा मजला.
महिन्याच्या बोलीवर घेतलेली खोली,
अक्काच्या चोवीस शेकांसाठी.

पिशव्या दारातच सोडल्या,
अक्काला पलंगावर टेकवलं,
इंद्रूला तिच्या मांडीत दिलं
आणि मी लादीवर ओणवी झाले.
घरतमामा किल्ली धरून बघत राहिले:
काय हरवलं का, ताई?
अजून नाही, म्हटलं.

वर्षाच्या पोरीच्या उंचीवरून
खोली निराळीच असते.
टीपॉयची काच नेमकी कपाळाला येते.
सिंकखाली फिनेल, सरबताच्या बाटलीत.
किटलीची वायर ‘ओढ मला’ म्हणत लोंबणारी.
सरकत्या खिडकीची कडी सैल,
आणि पलंग तिला लागूनच,
चढायला पायरी करून ठेवल्यासारखा.
पलीकडे डोंगर. तोही हाका मारणारा.

विट्याला हे कधी बघावं लागलं नाही.
इंद्रू चुलीकडे वळली की
चार तोंडांतून एकदम ‘ए’ निघतं.
इथे तोंड एकच,
तेही झोप न झालेलं.

पलंग सरकवला.
कडीला परकराची नाडी बांधली,
तीन गाठी, मग चौथी.
फिनेल माळ्यावर.

टीपॉयकडे वळले, तर एका कोपऱ्याला
आधीच मोजा गुंडाळलेला,
बोटभर, पिवळा, वरून रबरबँड.
खालच्या प्लगच्या भोकांवर
जखमेची पांढरी चिकटपट्टी,
कडा काळ्या पडलेल्या.

कुणीतरी इथे माझ्याआधी रांगलं होतं.
मोजा परत का नेला नाही
हे मी लादी पुसता पुसता
पलंगाखाली ढकललं.
मामा म्हणाले, येतात, जातात, ताई,
कुणाकुणाचं ध्यानात ठेवणार?

पाचव्या रात्री जाग आली
तर अक्का पलंगावर नाही.
खाली, गुडघ्यांवर,
डोक्याचा फडका सुटलेला,
मोबाईल दातांत धरून
त्याचा उजेड लादीवर फिरवत.
हातातनं गोळी निसटली गं, ती पुटपुटली,
गुलाबी आहे, पोरगी लिमलेटची समजायची.
मला उठवायचं की नाही!
तुला तरी झोपू दे, म्हटलं.

मीही उतरले.
दोघी बहिणी डोक्याला डोकं लावून,
लहानपणी सागरगोटा हरवला की
शोधायचो तशा.
इंद्रू उठून बसली, आम्हाला बघून
टाळ्या वाजवायला लागली,
तिच्या खेळात अखेर मोठी माणसं आली म्हणून.
तिला कडेवर घेतलं आणि मगच बाकीचं शोधलं.
गोळी अक्काच्याच गाऊनच्या घडीत निघाली.
अक्का हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा.
मग तिला उठवायला
मला दोन्ही हात लागले.

चोवीस झाले.
अक्का लिफ्टपाशी, इंद्रूचं बोट धरून.
खोलीत मी एकटी:
मोजा राहू दिला. चिकटपट्टी नवी लावली.
नाडी सोडायला हात घातला,
बघते तर चौथी गाठ सैल.
ती आवळली
आणि किल्ली मामांना दिली.